वाजणारे टॅपेट बरे : मोटारसायकलच्या इंजिनाची घरी करायची देखभाल

मोटारसायकलचे इंजिन घरी सांभाळायचे म्हटले की पार्किंगमध्ये पसरलेले सुटे भाग, काळे हात आणि सगळे जोडून झाल्यावर हातात उरलेले दोन बोल्ट, असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात घरी करण्याजोग्या कामांसाठी इंजिन खोलावे लागत नाही. तेल बदलणे, एअर फिल्टर पाहणे, ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याचा रंग वाचणे आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली, फट मोजणे, एवढीच ती कामे आहेत. पहिली तीन थोड्या सरावाने कोणालाही जमतात. चौथ्याला धीर लागतो आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त आहेत. पुढचे सगळे विवेचन १०० ते १५० सीसीच्या, एकच सिलिंडर असलेल्या आणि हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांपुरते आहे, कारण गावोगाव रोजच्या वापरात असतात त्या बहुतांश गाड्या याच जातीच्या.

इंजिनाला देखभाल का लागते हे एका हिशेबाने लगेच कळते. गाडी ताशी पन्नासच्या आसपास चालत असताना असे छोटे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या घरात फिरत असते. त्या वेगाला पिस्टन एका सेकंदात १३० पेक्षा जास्त वेळा थांबून उलट दिशेने निघतो आणि वायूची वाट उघडणारा-मिटणारा प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच सेकंदात ३३ वेळा उघडून पुन्हा आपल्या सीटवर, म्हणजे टेकायच्या धातूच्या कड्यावर, आपटतो. एवढी आदळआपट होऊनही धातू धातूला खात नाही, कारण दोघांच्या मध्ये तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो. तो थर टिकवणे आणि आपटणाऱ्या भागांमधले अंतर ठरल्याप्रमाणे राखणे हेच देखभालीचे सार आहे.

तेलाविषयी पहिली गोष्ट अशी की मोटारसायकलमध्ये बहुधा एकच तेल तीन ठिकाणी राबत असते. मोटारीत इंजिनाचे तेल वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे आणि क्लच कोरडा. आपल्या गाडीत मात्र इंजिन, गिअर आणि क्लचच्या प्लेटा एकाच तेलात बुडालेल्या असतात. इंजिनाला निसरडेपणा हवा असतो आणि क्लचला पकड हवी असते, त्यामुळे या तेलाला दोन परस्परविरोधी मागण्या पुरवाव्या लागतात. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायने घातलेली असू शकतात आणि ती क्लचच्या प्लेटांवर बसली की चढावर इंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे सरकत नाही. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा जपानी मानकाचा शिक्का पाहून घ्यावा. ‘एमबी’ हा शिक्का गिअर नसलेल्या स्कूटरसाठी ठीक असतो, ओल्या क्लचसाठी नव्हे. १० डब्ल्यू ३० या आकड्यांत ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो आणि नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहते ते सांगतो. ‘आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाडच तेल घालावे’ असा सल्ला सर्रास मिळतो, पण अरुंद वाटांतून वेगाने तेल पोचावे असे गृहीत धरून घडवलेल्या इंजिनात जाड तेल घातले तर सकाळच्या पहिल्या काही क्षणांत ते वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत, उशिरा चढते. झिजेचा मोठा वाटा नेमका त्याच क्षणांत असतो. पुस्तिकेत छापलेला आकडा पाळावा, कोणाच्या मताला जाऊ नये.

तेल बदलण्यापूर्वी गाडी तीन-चार मिनिटे चालू ठेवावी, म्हणजे तेल पातळ होऊन तळाशी बसलेली घाण सोबत घेऊन निघते. हे मोकळ्या हवेत करावे; बंद पार्किंगमध्ये साचणारा धूर जिवावर बेतू शकतो. नंतर इंजिन बंद करून गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी, खाली जुने पसरट भांडे सरकवावे आणि आधी वरचे तेलाचे टोपण सैल करावे, म्हणजे हवा आत शिरून तेल एकसारखे वाहते. मग खालचा ड्रेन बोल्ट योग्य मापाच्या रिंग पान्याने सोडवावा. फिक्स पान्याने बोल्टचे कोपरे झिजतात आणि एकदा ते गोल झाले की साधे काम अवघड होऊन बसते. शेवटचे दोन आटे हाताने सोडवताना बोल्ट वरच्या दिशेला किंचित दाबून धरावा आणि मग एकदम बाजूला घ्यावा, नाहीतर तो गरम तेलासह भांड्यात जातो आणि त्याच्यामागे आपली बोटे जातात.

बोल्ट परत बसवणे हे या कामातले सर्वांत नाजूक पाऊल आहे, आणि ते मला नुकसान सोसून कळले. पहिल्यांदाच घरी तेल बदलले तेव्हा गळती नको म्हणून मी लांब दांड्याच्या पान्याने बोल्ट जीव खाऊन आवळला. शेवटच्या पाव फेरीला हाताला येणारा विरोध अचानक नाहीसा झाला आणि बोल्ट लोण्यात फिरावा तसा फिरू लागला. ओळखीच्या गॅरेजमधल्या काकांनी बोट लावून पाहिले आणि म्हणाले, “आटे गेले. बोल्ट पोलादाचा, घर अ‍ॅल्युमिनिअमचं. तू एवढा जोर लावलास, तर कोण हरणार सांग?” त्यांनी भोक मोठे करून आत पोलादी आट्यांचे बूच बसवून दिले. मला वाचलेल्या मजुरीच्या कितीतरी पट पैसे त्यात गेले. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवत न्यावा, हाताने जाईनासा झाला तरच पाना लावावा, आणि पान्याचा दांडा बोल्टजवळ धरून मनगटाच्या जोरावर थांबावे. बारा मिलिमीटर जाडीच्या ड्रेन बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो. गळती थांबवण्याचे काम बोल्टच्या ताकदीचे नसून त्याखालच्या मऊ वॉशरचे असते. तो एकदा चेपला की त्याचे काम संपते, म्हणून प्रत्येक वेळी नवा घालावा.

बाहेर आलेले तेल लगेच ओतून न देता आधी नीट पाहावे. काळा रंग ही चिंतेची गोष्ट नाही. उलट काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. दोन बोटांत चोळल्यावर बारीक चकाकी दिसली तर ती धातूची भुकटी असते. नव्या गाडीच्या पहिल्या तेलात ती अपेक्षितच आहे, जुन्या गाडीत मात्र चांदीसारखे कण हाताला टोचू लागले तर आत काहीतरी खाल्ले जात आहे असे समजावे. तेल जास्त दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. कोकणात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर असे होते, पण कधी रोज फक्त दीड-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही होते, कारण इंजिन पुरेसे तापत नाही आणि आत धरलेला दमटपणा उडून जात नाही. फक्त शाळा-भाजी-देऊळ एवढीच फिरणारी गाडी कमी वापरलेली असली, तरी तिचे तेल लवकर बदलावे लागते. पुस्तिकेत ५,००० किंवा ६,००० किलोमीटर लिहिले असले तरी तो आकडा बरे चाललेल्या गाडीचा असतो.

नवे तेल मोजून घालावे. लिटरचा डबा आणला म्हणून सगळा रिकामा करण्याची सवय फार आहे. पुष्कळ छोट्या गाड्यांत नुसते तेल बदलताना त्याहून कमी तेल मावते, कारण थोडे जुने तेल आतल्या कोपऱ्यांत उरलेलेच असते. जादा तेल क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, घुसळतो, त्याचा फेस होतो आणि ते इंजिनाच्या श्वासनळीवाटे एअर फिल्टरच्या डब्यात फेकले जाते. तेल घातल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, तेवढाच वेळ थांबावे आणि मग पट्टी पुसून पातळी पाहावी. बऱ्याच गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. ती आवळून मोजली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि तेल कमी पडलेले कळत नाही. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतोच, त्याऐवजी एक तारेची जाळी आणि क्रँकबरोबर गरगर फिरणारी वाटी असते; ताक घुसळताना लोणी जसे वेगळे होते तशी जड घाण त्या वाटीच्या कडेला जाऊन चिकटते. ती वाटी साफ करायला क्लचकडचे कव्हर काढावे लागते, सांध्यातले गॅस्केट नवे लागते, आणि ते काम पहिल्या वर्षी तरी गॅरेजला द्यावे.

राहिले जळके तेल. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची, किंवा कडेच्या गटारात ओतण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण कायद्याच्या दृष्टीने वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि विहिरीशेजारच्या मातीत मुरलेले तेल कोणी परत काढू शकत नाही. नव्या तेलाच्याच डब्यात भरून ते गॅरेजमध्ये द्यावे. तिथे पिंप असते आणि ते तेल विकत नेणारेही येतात.

एअर फिल्टरबाबत एकच गोष्ट नीट समजून घ्यावी. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून आणि थोडे तेल लावून पिळून पुन्हा वापरता येतो. तेल लावलेला चिकट कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो, आणि हवेने फुंकायचाही नसतो. कॉम्प्रेसरच्या झोताने वरची धूळ जाते हे खरे, पण सोबत तेलही उडते आणि कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, मग तीच धूळ पिस्टनच्या रिंगांपर्यंत पोचून पॉलिश पेपरसारखे काम करते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागून गाडी चालवणाऱ्याने तो पुस्तिकेच्या आधीच बदलावा.

प्लग काढण्याआधी त्याच्या खळग्यातली माती हवेने किंवा ब्रशने साफ करावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. बहुतेक छोट्या गाड्यांना १६ मिलिमीटरचा प्लग पाना लागतो. काढलेल्या प्लगचे टोक म्हणजे इंजिनाची जीभ आहे असे समजायला हरकत नाही. वैद्य जसे ‘जीभ दाखवा’ म्हणतात तसे ते पाहावे. फिकट तपकिरी किंवा बिस्किटी रंग असेल तर आतले ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडत आहे, म्हणून आधी एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत अर्धवट ओढलेला चोक पाहावा. ओला, तेलकट काळेपणा म्हणजे तेल वर येऊन जळत आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर निदान पक्के, आणि ते काम रिंगांचे किंवा व्हॉल्व्हच्या सीलचे, म्हणजे घरचे नव्हे. पांढराफटक, फोड आल्यासारखा प्लग सर्वांत वाईट, कारण पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होत असल्याची आणि इंजिन अति तापत असल्याची ती खूण आहे. टोकांमधली फट पुस्तिकेनुसार ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी असते. प्लगच्या क्रमांकात ‘आर’ हे अक्षर असेल तर बदली प्लगवरही ते असलेच पाहिजे, कारण आतला रेझिस्टर ठिणगीमुळे होणारा विद्युत गोंगाट दाबतो आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीतला छोटा संगणक त्या गोंगाटाने भांबावू शकतो. पल्सरसारख्या दोन प्लगच्या इंजिनात एक प्लग सहज हाती येतो आणि दुसरा अडचणीत असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे एकच बदललेल्या गाड्या पाहायला मिळतात. नवा प्लग हाताने पूर्ण बसवून पान्याने अर्धी फेरी, आणि तोच जुना प्लग परत बसवत असाल तर जेमतेम आठवा भाग, एवढेच आवळावे. इथले आटे तर हेडमधले, म्हणजे सिलिंडरवरच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या भागातले असतात.

आता टॅपेट. कॅम फिरतो, तो रॉकर नावाच्या छोट्या तरफेला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्हच्या देठावर दाब देऊन तो उघडतो. रॉकरच्या टोकाचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचा देठ यांच्यामध्ये मुद्दाम एक फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बंदच होणार नाही. छोट्या इंजिनात ही फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी, म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीच्या आसपास असते. ती वाढली की रॉकर देठावर आपटून टिकटिक आवाज येतो आणि ‘टॅपेट वाजतात’ म्हणून माणूस गॅरेज गाठतो. पण व्हॉल्व्ह हजारो वेळा आपटून सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, आणि तो रुतला की त्याचा देठ वर सरकून फट कमी होते. तेव्हा आवाज वाढत नाही, उलट इंजिन गोड, मऊ चालू लागते. मालक खूश असतो आणि आत एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह जळत असतो.

हे का घडते ते पाहण्यासारखे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरून जळता वायू जातो. त्याला थंड व्हायला मुख्य वाट एकच असते, ती म्हणजे बंद असताना सीटला चिकटून उष्णता हेडला देणे. फट संपली की तो सीटवर पूर्ण टेकत नाही, उष्णता देण्याची वाट बंद होते आणि वर त्या बारीक भेगेतून तापलेला वायू फवाऱ्यासारखा निसटू लागतो. कडा जळते, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातो, सकाळी गाडी किकला दाद देत नाही, आणि मग खर्च हेडच्या कामावर जातो. म्हणून ‘आवाज घालवून द्या’ अशी मागणी मेकॅनिककडे करू नये. आवाज घालवणे अगदी सोपे असते, स्क्रू थोडा आवळला की झाले. थोडेसे वाजणारे टॅपेट अ‍ॅव्हरेज किंचित कमी करतील. मुके टॅपेट व्हॉल्व्ह खातील.

फट थंड इंजिनावरच मोजायची असते, आणि काही पुस्तिका ३५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमान असे स्पष्ट लिहितात. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बंद गाडीही त्याहून गरम असते, तेव्हा हे काम पहाटेचे. प्लग काढावा म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो. डाव्या कव्हरवरची दोन टोपणे काढली की एकातून क्रँकचा नट दिसतो आणि दुसऱ्यातून क्रँकवरच्या जड चाकाची, फ्लायव्हीलची, कड. नट पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवत ‘टी’ ही खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आणावी; जवळच ‘एफ’ ही खूण असते, ती ठिणगीच्या वेळेची आहे, तिला भुलू नये. ‘टी’ जुळली म्हणजे पिस्टन सर्वांत वर आहे, पण तसा तो दोन फेऱ्यांत दोनदा येतो. वरची टॅपेटची टोपणे काढून दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहावेत. दोघांनाही किंचित प्ले लागला तर जागा बरोबर आहे. एखादा ताठ असेल तर आणखी एक पूर्ण फेरी द्यावी. ही खात्री न करता मोजलेली फट निरर्थक असते.

फिलर गेजचे, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या संचातले, ठरलेल्या जाडीचे पाते देठ आणि स्क्रू यांच्यामध्ये सरकवावे. वजनाखाली ठेवलेला कागद ओढताना जशी हलकी ओढ लागते तशी ओढ हाताला लागली पाहिजे. एक पायरी जाड पाते शिरता कामा नये आणि एक पायरी पातळ पाते मोकळे सुटले पाहिजे, एवढी तपासणी केली की मनातली शंका जाते. फट बदलायची असेल तर लॉक नट सैल करून स्क्रूचे चौकोनी टोक किंचित फिरवावे, पाते जागेवर ठेवूनच स्क्रू धरावा आणि नट आवळावा. नट आवळताना स्क्रू चोरपावलांनी सोबत फिरतो, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजणे अनिवार्य आहे. माझे पहिले चार प्रयत्न याच जागी फसले. पाचव्या वेळी पाते जसे हवे तसे सरकले तेव्हा इतका वेळ वाकून बसलेली कंबर सरळ झाली. काही गाड्यांत स्क्रूऐवजी मापाच्या चकत्या असतात आणि काहींत तेलाच्या दाबावर फट आपोआप राखली जाते. तिथे घरी हात घालू नये.

१ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या, बीएस६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा होऊन इंजेक्शन आले, तरी वरची चारही कामे तशीच राहिली. फरक एवढाच की मिश्रण आणि आयडलिंगचे स्क्रू फिरवून गाडी ‘सेट’ करण्याचा काळ संपला. ते आता सेन्सर ठरवतात, आणि मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला तर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच जावे.

टॅपेट बरोबर लावूनही आवाज राहिला तर त्याचा ताल ऐकावा. कॅम क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे हेडमधले आवाज क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येतात, म्हणजे प्रत्येक फेरीला येणाऱ्या आवाजाच्या निम्म्या तालाने. कॅमची चेन सैल असेल तर टिकटिक नसून खळखळ येते, बहुधा सिलिंडरच्या चेन असलेल्या बाजूने आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताना अधिक. प्रत्येक फेरीला येणारा, खोल, खालून ठोठावल्यासारखा आणि चढावर भार पडला की वाढणारा आवाज पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तो ऐकू आल्यावर गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये, टेम्पो बोलवावा.